आपला बचाव

एवाल्ड्सने आपल्या राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं, घड्याळाची कळ दाबली आणि दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले. डावातली ही त्याची दुसरीच चाल होती.

मागे उभ्या असलेल्या झेंटाने ती पाहिली आणि उभ्या उभ्या हिशोब मांडला. झेंटा संघाची कप्तान. सहाव्या पटावर खेळायची आणि खेळापेक्षा हिशोबात पक्की होती. एवाल्ड्सने साधा घोडा बाहेर काढला असता, तर तीन-चार तास कंटाळवाणं खेळून अर्धा गुण जवळजवळ हातात होता. सहा पटांवर मिळून संघाला तीन गुण हवे होते. बाकीच्या पाचांतून अडीच निघतील असं तिने धरलं होतं. पहिल्या पटावरचा हा अर्धा तेवढा कमी पडत होता. तो मिळाला की कुल्डिगाचा संघ वरच्या गटात राहिला. वरच्या गटात राहिला की रिगाच्या वर्तमानपत्रात अधूनमधून गावाचं नाव येणार, आणि नाव येत असेपर्यंत सांस्कृतिक भवनाचे संचालक मागची ही खोली क्लबकडे राहू देणार. नाही मिळाला, तर स्वीडनहून येणारे जुने कपडे विकायला जागा शोधणारा एक गृहस्थ नाताळानंतर येऊन खोलीची लांबी पावलांनी मोजून गेलाच होता.

घोड्याच्या चालीत एवढं सगळं होतं. प्याद्याच्या चालीत काय होतं, ते झेंटाच्या हिशोबात बसेना.

“घ्या,” शेजारच्या पटावरून झानिस पुटपुटला. “फेब्रुवारीत मास्तरांनी अंगावरचं पांघरूण फेकलं.”

झानिस लाकडाचा ट्रक चालवायचा आणि दुसऱ्या पटावर खेळायचा. दोन्ही कामं तो सारख्याच आवाजात करायचा. पंचाने ओठांवर बोट ठेवलं.

त्या चालीला पुस्तकात लाटवियन बचाव म्हणतात. कुल्डिगात नुसतं ‘आपला’ म्हणतात. बचाव म्हणण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही. समोरच्याने आपल्या प्याद्यावर डोळा ठेवला की ते राखायचं सोडून दुसरंच प्यादं पुढे करायचं, स्वतःचा राजा उघडा टाकायचा आणि समोरचा गोंधळेल अशी आशा धरून बसायचं. ज्यांना खेळ कळतो ते सगळे सांगतात की हे खेळू नये. पण रशियनांच्या अमलात देशाचं नाव मोठ्याने घ्यायच्या जागा थोड्या होत्या, आणि चौसष्ट घरांचा पट ही त्यांतली एक होती. एवाल्ड्स शाळेत भूगोल शिकवायचा. दिवसा वर्गात जे म्हणता येत नसे, ते तो संध्याकाळी या खोलीत मुलांकडून खेळवून घ्यायचा. पुढे देश सुटला, नकाशे बदलले, एवाल्ड्स निवृत्त झाला. बचाव होता तेवढाच कच्चा राहिला.

हे शेवटचं एवाल्ड्सला कबूल नव्हतं. त्याने त्यात स्वतःची एक वाट काढली होती. डाव रंगात आला की पटाच्या कडेचं एक प्यादं फुकट टाकायचं. उंटाने ते उचलल्याशिवाय कोणाला राहवत नाही, आणि उचललं की काळ्याच्या, म्हणजे आपल्या, वजिराला हवा तेवढा वेळ मिळून डाव सावरतो. या एका युक्तीवर त्याची तीस वर्षं गेली होती. बायको दवाखान्यात होती तेव्हा तो तिच्या पायाशी छोटा पट मांडून बसायचा, असं गावात सांगत. काहीजण ते कौतुकाने सांगत, काहीजण नाही.

आदल्या संध्याकाळी झेंटाने त्याला पाव घ्यायच्या रांगेत गाठलं होतं.

“उद्या साधं खेळशील ना?”

“बघतो.”

एवाल्ड्सच्या तोंडी ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे त्याच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. झेंटा त्याच्या वर्गात कधी बसली नव्हती. ती लग्न होऊन या गावात आली होती.

समोर विज्मा होती. ती मात्र त्याच्या वर्गात बसली होती. रिगाच्या संघात ती आता पहिल्या पटावर खेळायची. चाळिशीची बाई, आखूड कापलेले केस, चष्मा डोक्यावर चढवलेला. मोहरे कसे चालतात हे लहानपणी ती याच खोलीतल्या भट्टीच्या उबेला बसून एवाल्ड्सकडून शिकली होती. रिगाला पदकासाठी आजचा सामना जिंकायला हवा होता, बरोबरी त्यांच्या कामाची नव्हती. प्यादं पुढे सरकलं तेव्हा तिने पटाकडे पाहिलं नाही.

“सर, अजून?”

“अजून.”

रिगाचा कप्तान रोलान्ड्स खाकरला.

दुपारी झेंटाने पहाटे भाजलेले पाव टेबलावर मांडले, आत खारवलेलं मांस आणि कांदा भरलेले. पाहुण्या संघाला आधी पोटभर खायला घालायचं आणि मग हरवायचं, अशी इथली जुनी रीत होती. अलीकडे ती निम्मीच पाळली जायची. रोलान्ड्सने तीन खाल्ले आणि चांगले झालेत म्हणाला. विज्माने एकालाही हात लावला नाही. पहिल्या पटावरून ती उठलीच नाही.

उन्हं खिडकीवरून गेली तसे एकेक पट मिटत गेले. झानिस जिंकला, आणि जिंकल्यावर समोरच्या माणसाला त्याचं कुठे चुकलं ते इतका वेळ समजावून सांगत बसला की तो पोरगा कोट घालूनच ऐकत होता. एक पट हरला. एकावर अनपेक्षित बरोबरी झाली. सहाव्या पटावर झेंटाकडे एक प्यादं जास्त होतं. नेटाने खेळली असती तर जिंकलीही असती; पण तिची मान सारखी पहिल्या पटाकडे वळत होती, आणि समोरच्याने बरोबरी विचारली तेव्हा तिने ती घेऊन टाकली. हे गणित आपल्याच हाताने चुकलं हे तिच्या ध्यानात आलं तोवर सही झाली होती. दोन्हीकडे दोन-दोन.

पाचवा पट संध्याकाळपर्यंत चालला आणि बरोबरीत सुटला. अडीच-अडीच.

सगळे पहिल्या पटाभोवती जमले. झानिस भट्टीत लाकूड सारून येऊन उभा राहिला आणि हातांची काजळी पँटला पुसत झेंटाच्या कानाशी म्हणाला,

“कडेचं प्यादं टाकलंय बघ मास्तरांनी. आता ही उंटाने उचलते की नाही बघ. उचललं की झालं आपलं.”

“गप्प बस.”

“सगळेच उचलतात. मीसुद्धा उचललं होतं.”

“तू रस्त्यावर पडलेलं काहीही उचलतोस. गप्प बस.”

विज्मा दोन्ही तळहात कपाळाला लावून बसली होती. पटाच्या मध्यावर तिचा घोडा उभा होता, हल्ल्याच्या तोंडाशी, छान मोक्यावर. तिचा हात उठला. उंटाकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो घोड्यावर गेला. दोन बोटं घोड्याच्या मानेवर टेकली. पण तिची नजर घोड्यावर नव्हती. ती आपल्याच बाजूच्या मागच्या एका घरावर होती. जिथे घोडा नेण्याचं कोणाच्या मनात येणार नाही, अशा एका अडगळीच्या घरावर.

एवाल्ड्सच्या हातात चहाचा पेला होता. तो त्याने खाली ठेवला, बशीत नाही, टेबलाच्या लाकडावर.

विज्माने मान वर केली. एवाल्ड्सच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, दाढी करताना हनुवटीखाली कापलं होतं, आणि तो तिच्या बोटांकडे बघत होता. तिने बोटं काढून घेतली.

“नीट करते,” ती म्हणाली, आणि घोडा त्याच घरात जरा सरळ केला. मग तिचा हात उंटाकडे वळला.

“हात लागला,” एवाल्ड्स म्हणाला.

हात हवेत राहिला.

“सर?”

“घोड्याला हात लागला. नीट करते हे आधी सांगायचं असतं. पंच.”

पंच वेंटस्पिल्सहून आलेला सावकाश चालणारा माणूस होता. तो आला, वाकला, दोघांकडे पाहिलं.

“दावा करताय?”

“करतोय.”

“पकडली,” झानिस श्वासाखाली म्हणाला आणि झेंटाच्या कोपराला चिमटा काढला. “म्हातारं पक्कं आहे. घोडा हलला की हिचा सगळा हल्लाच गेला.”

“हे काय,” रोलान्ड्स म्हणाला. “मोहरा वाकडा होता, सरळ केला. एवढ्यावरून दावे करायचे?”

“तुम्ही बोलायचं नाही,” पंच म्हणाला, आणि विज्माकडे वळला. “बाई, आधी हात लागला, की आधी सांगितलंत?”

आधी सांगितलं म्हणाली असती तर कोणाकडे काही पुरावा नव्हता. मोहऱ्याला हात लागला की तो चालवायचा, हा या खोलीत शिकवलेला पहिला नियम होता. मोहरे कसे चालतात ते त्यानंतर.

“आधी हात लागला,” विज्मा म्हणाली.

“मग घोडाच चालवावा लागेल.”

घोड्याला जायला मागचं ते घर होतं, तशी आणखीही होती. नियमाने मोहरा कुठला ते ठरत होतं, घर ठरत नव्हतं. तिने चष्मा डोक्यावरून खाली घेतला, पुसला, परत चढवला. मग पटावरून पुढे झुकून, फक्त त्याला ऐकू जाईल अशा बेताने ती बोलली. पण खोलीत इतकी शांतता होती की सगळ्यांनी ऐकलं.

“सर, बरोबरी घ्या.”

रोलान्ड्सच्या तोंडून आवाज निघाला, पण शब्द झाला नाही. झेंटाने डोळे मिटले. अर्धा गुण, वरचा गट, खोली, भट्टी. सगळं टेबलावर येऊन पडलं होतं. कोणीतरी नुसता हात पुढे करायचा होता.

“आधी चाल कर,” एवाल्ड्स म्हणाला. “मग बघतो.”

तो त्याचा हक्कच होता. चाल न करता कोणी बरोबरी विचारली, तर आधी चाल दाखव म्हणता येतं. विज्माने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही; त्याची नजर त्या मागच्या घरावर होती, आणि ती तिथून हलत नव्हती. आता दुसरं कुठलंही घर निवडणं म्हणजे तोंडावर खोटं बोलणं होतं.

तिने घोडा उचलला आणि मागे आणून ठेवला.

“गेला परत,” झानिस म्हणाला. “घाबरली.”

त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, आणि खोलीत बहुतेकांना कळलं नव्हतं. पुढे आलेला घोडा मागे गेला, एवढंच दिसत होतं. झेंटालाही पट नीट वाचता आला नाही. तिला एवाल्ड्स दिसत होता. तो खुर्चीत मागे टेकला होता आणि त्याचा चेहरा, पत्ता विचारत आलेल्या माणसाला अखेर दार सापडावं, तसा झाला होता.

त्याच्या बाजूचं घड्याळ चालू होतं. बरोबरी तशीच उभी होती. एकदा देऊ केली की परत घेता येत नाही, समोरच्याने मोहऱ्याला हात लावेपर्यंत ती राहते. रोलान्ड्सला हे माहीत होतं, म्हणून तो खिडकीबाहेर बघत होता. कप्तानाला संघाच्या खेळाडूला डावाबद्दल एक अक्षर सांगता येत नाही. बरोबरी घे किंवा घेऊ नको, एवढं मात्र सांगता येतं. झेंटा पुढे आली.

“एवाल्ड्स. बरोबरी घे.”

“ऐकलं.”

“मी कप्तान म्हणून सांगतेय.”

“ऐकलं, झेंटा.”

त्याने हात बाहीतून बाहेर काढला. झेंटाला वाटलं तो टेबलापलीकडे जाईल. तो वजिरावर गेला. वजीर तिरका सरकून पटाच्या पार कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि एवाल्ड्सने घड्याळाची कळ दाबली. कळीचा आवाज नेहमीएवढाच झाला.

पुढच्या चाली त्याने भराभर केल्या, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा. विज्मा प्रत्येक चालीला आधीपेक्षा जास्त वेळ घेत होती. एका जागी तिने इतका वेळ घेतला की एवाल्ड्सच्या ओठांच्या कडा वर जाऊ लागल्या. फळ्यापाशी अडलेल्या हुशार मुलीकडे मास्तर पाहतो, तसा तो तिच्याकडे पाहू लागला. तिने हत्ती एक घर बाजूला घेतला.

एवाल्ड्स पटावर वाकला. भट्टीतलं लाकूड कोसळलं, कोणी ते सारखं करायला गेलं नाही. त्याचं बोट एका मोहऱ्यावरून दुसऱ्यावर जात होतं, कशालाही न लागता. मग ते थांबलं. त्याने घड्याळ बंद केलं आणि डाव सोडून हात पुढे केला. आता.

विज्माने तो धरला आणि सोडला नाही.

“केव्हा पाहिलीस ती?” त्याने विचारलं. “घोड्याची.”

“रिगाला गेले त्या पहिल्या वर्षी. वसतिगृहात.”

“वीस वर्षं झाली.”

“हो, सर.”

“सांगायचं होतंस.”

“कसं सांगणार होते?”

त्याने मान हलवली. कबूल, असं त्यात होतं की नव्हतं, ते कळायला मार्ग नव्हता. रोलान्ड्स येऊन विज्माच्या खांद्याशी उभा राहिला.

“बरोबरी कोणाला विचारून देत होतीस?”

“कोणालाच नाही,” ती म्हणाली. पदक मिळालेल्या संघातली ती पहिली होती जी जाऊन बसमध्ये बसली.

झानिसने एकट्याने पट आवरले. एरवी मोहरे पेटीत टाकताना तो प्रत्येकाला नावं ठेवायचा. आज त्याने ते मोठ्याने मोजलेसुद्धा नाहीत. दारात त्याने टोपी घातली, काढली आणि म्हणाला,

“मास्तर, डाव मला कळला नाही. पण बरोबरी काय असते ते कळतं.”

झेंटा बशा धूत होती. एवाल्ड्स फडकं घेऊन पुसायला गेला, तेव्हा तिने फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच पुसू लागली.

संचालकांनी मार्चअखेरपर्यंत वाट पाहिली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग खोलीत कपडे आले. पट आणि घड्याळं शाळेच्या माळ्यावर गेली. खालच्या गटात खेळायला सहा माणसं जमेनात. झानिसला लीपायाच्या बंदरात काम मिळालं आणि बाकीचे, खेळलेच तर, घरी बायकोशी खेळू लागले. विज्माने पुढच्या हंगामासाठी नाव दिलं नाही, असं झानिसनेच जाण्यापूर्वी कुठूनतरी ऐकून आणलं होतं. झेंटा काम करायची तो कारखाना बंद पडून दोन वर्षं होत आली होती. तिला त्या कपड्यांच्या दुकानातच काम लागलं, कारण ती भट्टी धूर न करता कशी पेटवायची हे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

एप्रिलात एका सकाळी एवाल्ड्स आला. कोटांच्या ओळींमधून वाट काढत खिडकीपर्यंत गेला, तिथे पहिला पट असायचा. तिथे आता आरसा होता. तो त्याच्या पुढ्यातच उभा राहिला, पाठ आरशाकडे करून.

“कोट हवाय का?” झेंटाने विचारलं.

“नाही. तुला एक सांगायचं होतं.”

“त्या दिवशीचं असेल तर नको.”

“त्या दिवशीचंच आहे.”

तिने गठ्ठ्यातून एक कोट काढला, झटकला, खिसे उलटे करून पाहिले.

“ती घोड्याची चाल मला ठाऊक होती,” तो म्हणाला. “आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात सापडली. बचाव तिथे मोडतो.”

झेंटाचे हात खिशातच राहिले.

“मग खेळलास कशाला?”

“उत्तर होतं माझ्याकडे. वजिराचं. वर्षभर बसून काढलं होतं. टिकेल असं वाटत होतं, पण एकट्याने कसं कळणार? इथे कोणाला विचारू? तुम्ही सगळे मला सांभाळून खेळता. झानिसला वाटतं, मला कळत नाही.”

“आणि विज्मा?”

“तीही सांभाळायला लागली होती. पाहिलंस ना. म्हणून तर दावा केला.”

“म्हणून दावा केलास.” तिने ते हळू म्हटलं. “आम्हाला वाटलं, तू तिला पकडलंस.”

“सामन्यात, हरायची भीती असताना माणूस जे खेळतो, ते खरं असतं. मला तेवढं एकदा बघायचं होतं.”

“बघितलंस की. चाल केली तिने तुझ्यासमोर. तरी बरोबरी उभी होती, एवाल्ड्स. मी तुला सांगितलं होतं.”

“चाल बघितली. उत्तर टिकतं का, ते राहिलं होतं.”

“टिकलं?”

“नाही,” तो म्हणाला. एखाद्या देशाची राजधानी सांगावी इतक्या सरळपणे. “काहीच टिकत नाही. हत्ती बाजूला गेला की संपतं. तो बचाव खेळण्यासारखा नाही. पूर्वीही नव्हता.”

दुकानात एक बाई शिरली आणि कोट चाळू लागली. एवाल्ड्सने आवाज खाली आणला.

“तीस वर्षं, झेंटा. सगळं आयुष्य मी त्यात घातलं.”

झेंटाने कोट टांगणीवर चढवला, वरचं बटण लावलं आणि ओळीत जागा करून अडकवला.

“तुझं तू खेळलास,” ती म्हणाली. “घातलंस ते आमचं.”

हातात निळा कोट धरून ती बाई त्याच्यासमोर येऊन थांबली होती; तिला आरसा हवा होता. एवाल्ड्स बाजूला झाला.